सोनेरी लागर चाखायची कशी आणि तिला गुण द्यायचे कसे

पुण्या-मुंबईतल्या मायक्रोब्रुअरीच्या, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या छोट्या ब्रुअरीच्या, फळ्यावर गव्हाची बिअर, सफरचंदाची सायडर, कॉफी घातलेली काळी बिअर ही नावं आता ओळखीची झाली आहेत. त्यांच्या शेजारी 'पिल्सनर', 'हेलेस', 'क्राफ्ट लागर' अशी नावंही दिसतात. ही सगळी लागरची, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेल्या बिअरची नावं. ती मागवली की बऱ्याच जणांची पंचाईत होते. रंग सोनेरी, वर पांढरा फेस, म्हणजे दिसायला थेट वाइन शॉपमधल्या बाटलीतल्या बिअरसारखीच. भाव मात्र बराच जास्त. त्यात कानावर येतं की अमक्या लागरला स्पर्धेत पदक मिळालं, परीक्षकांनी इतके गुण दिले. या साध्या सोनेरी बिअरमध्ये गुण देण्यासारखं असतं तरी काय, असा प्रश्न पडला तर तो रास्तच आहे.

माझ्या मते बिअर चाखायला शिकायचं असेल तर सुरुवात इथूनच करावी. या बिअरमध्ये ब्रुअरने, म्हणजे बिअर बनवणाऱ्याने, नीट केलेलं आणि घाईत उरकलेलं असं प्रत्येक काम नाकाला आणि जिभेला कळतं. चांगला परीक्षक ती आवडली की नाही एवढ्यावर थांबत नाही. ती बनताना काय काय घडलं, हे तो घोटातून मागे मागे जात शोधतो.

आधी, ती बनते कशी

सातू भिजवायचे, त्यांना मोड आणायचे आणि मग गरम हवेवर वाळवायचे, की माल्ट तयार होतं. माल्ट भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं की त्यातल्या पिठाची साखर होते. हे गोड पाणी गाळून उकळतात. उकळताना त्यात हॉप्स घालतात. हॉप्स ही एका वेलीची फुलं. कडवटपणा त्यांच्यामुळे येतो आणि फुलांचा, गवताचा, मसाल्याचा वासही. मग हे पाणी गार करून त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं.

इथपर्यंत सगळ्या बिअर सारख्याच. लागर वेगळी होते ती तापमानामुळे. एल जातीच्या बिअरचं यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांवर आठवड्याभरात काम संपवतं आणि जाता जाता फळांचे, कधी लवंगेचे वास मागे सोडतं. लागरचं यीस्ट ८ ते १३ अंशांवर सावकाश काम करतं आणि स्वतःचा ठसा फारसा ठेवत नाही. त्यानंतर बिअर शून्य अंशाच्या आसपास काही आठवडे मुरत पडते. माल्ट हलकंच वाळवलेलं असेल तर रंग फिकट सोनेरी येतो. तीच पेल लागर.

पिल्सेनच्या लोकांनी ओतून दिलेली पिंपं

या बिअरची जन्मकथा चक्क ग्राहकांच्या तक्रारीतून सुरू होते. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या पिल्सेन शहरात १८३८ मध्ये बिअर इतकी खराब निघाली की ३६ पिंपं टाउन हॉलसमोर ओतून देण्यात आली. बिअर बनवण्याचा हक्क असलेल्या नागरिकांनी मग एकत्र येऊन नवी ब्रुअरी बांधली आणि आज जर्मनीत असलेल्या बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाच्या ब्रुअरला बोलावलं. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिला घाणा लावला.

ग्रोलच्या हाताशी चार गोष्टी जुळून आल्या. थंडीत काम करणारं बव्हेरियन यीस्ट होतं. जवळच्या झाटेत्स भागातले नाजूक वासाचे हॉप्स होते. पिल्सेनचं पाणी अतिशय मृदू होतं. आणि धुराचा स्पर्श न होता गरम हवेवर वाळवलेलं फिकट माल्ट होतं. तोवर बहुतेक बिअर तपकिरी किंवा गढूळ असायची. ही निघाली सोनेरी आणि पारदर्शक. जगातली बहुतांश सोनेरी लागर आपलं मूळ याच बिअरपर्यंत नेऊन पोचवते.

पुढे म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीने १८९४ मध्ये आपली फिकट लागर बाजारात आणली. तिला हेलेस म्हणतात. ती पिल्सनरपेक्षा मऊ, माल्टकडे झुकलेली आणि कमी कडवट असते. मधल्या काळात, १८८३ मध्ये, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेनने लागर यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी काढून वाढवली होती. त्यामुळे प्रत्येक घाणा सारखा निघण्याची शक्यता पहिल्यांदा निर्माण झाली. हे यीस्ट म्हणजे दोन जातींचा संकर. त्यातली एक जात नेहमीचं पावाचं आणि एलचं यीस्ट. दुसरी, थंडी सोसणारी, जात कोणती हे २०११ पर्यंत कोडंच होतं. ती अखेर अर्जेंटिनाच्या पॅटागोनियातल्या जंगलात सापडली.

सगळी सोनेरी लागर एकच नव्हे

गुण देताना पहिला प्रश्न असतो: ब्रुअरला काय बनवायचं होतं? स्पर्धांमध्ये यासाठी शैलींची वर्णनं ठरलेली असतात. 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम', म्हणजे बीजेसीपी, या अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या संस्थेची वर्णनं जगभर वापरली जातात. कडवटपणा आयबीयू या एककात मोजतात. बीजेसीपीच्या २०२१ च्या आवृत्तीत चेक प्रीमियम पेल लागरसाठी ३० ते ४५ आयबीयू दिले आहेत, जर्मन पिल्ससाठी २२ ते ४० आणि म्युनिक हेलेससाठी १६ ते २२. जगभर बाटल्यांमधून विकल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय पेल लागरसाठी १८ ते २५.

आकड्यांपेक्षा स्वभाव लक्षात ठेवा. चेक लागर अंगाने भरलेली असते, पावाच्या गराची आठवण देते, आणि तिचा कडवटपणा ठसठशीत पण गोलसर असतो. जर्मन पिल्स सडसडीत, कोरडी, शेवटी कडवटपणा रेंगाळणारी. हेलेसमध्ये हॉप्स मागे उभे राहतात आणि ताज्या पावासारखी माल्टची चव पुढे येते. म्हणून हेलेस पिऊन 'कडू कमी आहे' असं म्हणणं हा दोष दाखवणं नव्हे. तीच बिअर पिल्सनर म्हणून विकली असेल, तर मात्र ती तक्रार अगदी बरोबर ठरते.

एवढी साधी बिअर, तिच्यात अवघड काय?

मिसळीत तिखट, कट, फरसाण, कांदा, लिंबू इतकं काही असतं की मटकी जरा जास्त शिजली तरी खपून जाते. साध्या वरणात डाळ किंचित कच्ची राहिली, हिंग जरा जळला, की पहिल्याच घासाला कळतं. पेल लागरचं तसंच आहे. तिच्यात भाजलेल्या माल्टची कॉफीसारखी चव नाही, फळं नाहीत, मसाले नाहीत, हॉप्सचा भडिमार नाही, जास्तीचं अल्कोहोलही नाही. चुकीवर घालायला पांघरूणच नाही.

अनेकांना वाटतं की या बिअरमध्ये चव कमी असते. माझा याला ठाम विरोध आहे. चांगल्या चेक लागरमध्ये पाव, मध, वाळलेलं गवत, फुलं, मिरीसारखा हलका झटका असं सगळं सापडतं, फक्त ते हळू आवाजात बोलतं. निर्मळ चव आणि चवीचा अभाव यांत फरक आहे. तो ओळखता येणं हे परीक्षकाचं पहिलं कौशल्य.

ग्लास समोर आला की काय करायचं

पहिलं काम नाकाचं. कारण साधं आहे, वास उडून जातात. ग्लास आला की लगेच एकदोन छोटे, झटपट हुंगे घ्यायचे. मग ग्लास हलकेच गोल फिरवून पुन्हा हुंगायचं. गंधकासारखे काही वास पहिल्या मिनिटभरातच निघून जातात, म्हणून ते आधी पकडावे लागतात. ग्लास फार गार असेल तर दोन्ही तळव्यांत धरून जरा ऊब द्यायची. काय शोधायचं? माल्टचा वास आहे का, म्हणजे पाव, बिस्किट, मध यांपैकी काही? हॉप्सचा आहे का, म्हणजे गवत, फुलं, वनस्पतींचा मसालेदार वास? आणि या दोन्हींत न बसणारं आणखी काही जाणवतं का?

मग डोळे. रंग, पारदर्शकपणा, फेस. फेसाबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. दोन बोटं फेस दिसला की 'अर्धा ग्लास फेसच दिला' म्हणून वेटरशी वाद होतात. मापात फसवणूक होत असेल तर भांडायलाच हवं. पण फेस हा या बिअरचा भाग आहे. माल्टमधली प्रथिनं आणि हॉप्समधले कडू घटक मिळून तो टिकवतात, आणि फेसाचे बुडबुडे फुटताना वास नाकापर्यंत येतो. चेक पबमध्ये दाट, ओलसर फेसाचा जाड थर मुद्दाम धरतात. फेस लगेच बसत असेल, तर आधी ग्लासकडे पाहा. तेलकट फडक्याने पुसलेल्या किंवा साबण राहिलेल्या ग्लासात उत्तम बिअरचाही फेस मरतो. ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर ग्लास अस्वच्छ आहे असं खुशाल समजा. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटानंतर फेसाची जाळीदार कडी भिंतीवर राहते.

गढूळपणावरून लगेच निकाल देऊ नका. न गाळलेली लागर, जर्मनीतली केलरबिअर म्हणा, किंचित धूसर असतेच. पाटीवर तसं लिहिलं असेल तर तो दोष धरत नाहीत.

आता घोट. थेंबभर चाखून काही कळत नाही. तोंड भरेल असा घोट घ्या, तो जिभेवर सगळीकडे फिरू द्या आणि गिळा. गिळताना नाकाने श्वास सोडा. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग घशामागून नाकात गेलेला वास असतो, सर्दी झाली की जेवण बेचव लागतं ते त्यामुळेच. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात. बिअरचे परीक्षक सहसा छोटे घोट गिळतात, कारण कडवटपणा घशाशी आणि गिळल्यावर नीट उमगतो. घोटातही क्रम बघायचा: आधी गोडवा, मग कडवटपणा, मग शेवट. चांगल्या लागरचा शेवट स्वच्छ असतो. कडवटपणा येतो, थांबतो आणि निघून जातो, आणि पुढच्या घोटाची इच्छा होते. जिभेच्या मागे ओरखडल्यासारखा, तुरट कडवटपणा चिकटून बसला, तर माल्टच्या टरफलांतला तुरटपणा उतरला असावा. खूप गरम किंवा खूप जास्त पाण्याने माल्ट धुतलं की असं होतं.

शेवटी तोंडातला स्पर्श: पातळ की भरलेली, वायू किती, घशाला गुळगुळीत की खरखरीत.

दोषांचा माग

मला सगळ्यात जास्त गुंतवणारा भाग हाच. पेल लागरमधल्या प्रत्येक दोषाला एक वास असतो आणि त्या वासामागे ब्रुअरीतलं एक ठरावीक काम असतं.

सर्वांत परिचित म्हणजे लोण्याचा वास, थिएटरमधल्या बटर पॉपकॉर्नसारखा. हा डायअसेटिल नावाच्या पदार्थाचा. घोटही जिभेवर किंचित बुळबुळीत लागतो. आपल्याला लोणी-तूप प्रिय, म्हणून बरेच जण या वासाला गुण समजतात. यीस्ट काम करताना एक पदार्थ बाहेर टाकतं आणि बिअरमध्ये त्याचं डायअसेटिल होतं. गंमत अशी की पुरेसा वेळ मिळाला तर तेच यीस्ट ते परत शोषून घेतं. म्हणून आंबवणं संपत आलं की अनेक ब्रुअर तापमान १६ ते १८ अंशांपर्यंत चढवून दोन-तीन दिवस थांबतात. ही वाट न पाहता बिअर गार केली की लोणी तसंच राहतं. टाकीतली बिअर तयार आहे का हे पाहायची एक सोपी चाचणी ब्रुअर करतात. थोडी बिअर झाकून साधारण ६० अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायची, गार करायची आणि न तापवलेल्या बिअरशेजारी हुंगायची. तापवलेलीत लोणी आलं तर टाकी अजून थंड करायची नाही. चेक लागरमध्ये याचा अगदी पुसट अंश चालतो. हेलेस किंवा जर्मन पिल्समध्ये चालत नाही.

उकडलेल्या कोबीचा, किंवा मक्याची कणसं शिजवलेल्या पाण्याचा वास डीएमएस या गंधकयुक्त पदार्थाचा. सातूला मोड येताना त्याचा पूर्वज पदार्थ तयार होतो. गडद माल्ट जास्त तापवलेलं असल्याने त्यातून तो बराचसा निघून जातो, फिकट माल्टमध्ये मात्र उरतो. उपाय म्हणजे गोड पाणी तास-दीड तास खळखळून उकळायचं, वाफ बाहेर जाऊ द्यायची आणि नंतर झटपट गार करायचं. उकळी मंद ठेवली, झाकणावरून वाफेचं पाणी परत आत पडू दिलं, किंवा उकळल्यावर ते गरम तसंच ताटकळत ठेवलं, की कोबी हजर.

हिरव्या सफरचंदाचा किंवा नुकत्या चिरलेल्या कच्च्या लाल भोपळ्याचा वास म्हणजे ॲसिटाल्डिहाइड. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एकच: बिअर यीस्टपासून लवकर तोडली, ती अजून कोवळी आहे. उकडलेल्या अंड्याचा वास लागर यीस्टच्या स्वभावातच थोडा असतो, मुरताना तो जातो. ग्लासात तो उरला असेल तर मुरण्याचे दिवस कापले गेले असण्याची शक्यता मोठी.

दवाखान्याचा, बँडेजपट्टीचा वास आला तर संशय पाण्यावर घ्यायचा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माल्टमधल्या फिनॉल गटातल्या पदार्थांशी जुळून क्लोरोफिनॉल तयार करतं आणि ते अत्यल्प प्रमाणातही जाणवतं. आपल्याकडे पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतंच, त्यामुळे कार्बन फिल्टरकडे दुर्लक्ष केलेली ब्रुअरी इथे पकडली जाते.

मग येतात ब्रुअरीबाहेरचे दोष. ओल्या पुठ्ठ्याचा, जुन्या वहीचा वास म्हणजे बिअरला ऑक्सिजन लागला आणि ती शिळी झाली. उष्णता हे काम फार वेगाने करते. एप्रिल-मे महिन्यात उघड्या ट्रकमधून आलेली आणि दुकानात विनाफ्रिज पडलेली लागर तारखेच्या आतही म्हातारी होऊ शकते. म्हणून बाटलीवर नुसती 'कधीपर्यंत चांगली' ही तारीख बघून भागत नाही, ती कधी भरली आणि कशी ठेवली हेही महत्त्वाचं.

उन्हाचा दोष वेगळाच. हॉप्समधले कडू घटक, बिअरमधलं रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व आणि प्रकाश एकत्र आले की जळलेल्या रबरासारखा उग्र वास निर्माण होतो. एक लाख कोटी भागांत त्याचे काही मोजके भाग असले तरी नाकाला कळतं. तपकिरी बाटली बराच बचाव करते, हिरवी फारच थोडा, पारदर्शक जवळपास नाहीच, आणि कॅनमध्ये प्रश्नच उरत नाही. गोव्यात किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये उन्हातल्या टेबलावर ठेवलेला ग्लास काही मिनिटांत बिघडतो. त्यात ब्रुअरचा काडीचाही दोष नसतो.

आणि शेवटी नळी. पिंपापासून टॅपपर्यंतची नळी वेळच्या वेळी धुतली नाही तर तिच्यात जिवाणू घर करतात आणि बिअर आंबूस होते किंवा तिला लोण्याचा वास येतो. म्हणजे लोण्याचा वास दोन ठिकाणांहून येऊ शकतो. त्याच ब्रुअरीची तीच बिअर कॅनमधून घेतली आणि ती निर्मळ निघाली, तर गुन्हेगार नळी.

'चव ज्याची त्याची, मग गुण कसले?'

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. आवड ज्याची त्याचीच. शिवाय शरीरंही सारखी नसतात. डायअसेटिल काहींना चटकन कळतं, काहींना भरपूर असूनही कळत नाही. म्हणून स्पर्धेत एकट्याच्या जिभेवर निकाल देत नाहीत. किमान दोन परीक्षक आपापलं टिपण आधी लिहितात, मग बोलतात.

बीजेसीपीच्या पद्धतीत एकूण ५० गुण. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण प्रभावाला १०. रूपाला फक्त ३ गुण, हे मला फार योग्य वाटतं. डोळे आपल्याला सहज फसवतात. फ्रान्समधल्या बोर्दोच्या एका गाजलेल्या प्रयोगात पांढऱ्या वाइनला नुसता लाल रंग दिला, तर वाइनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. म्हणूनच परीक्षकांना ब्रुअरीचं नाव कळू देत नाहीत, लेबल दाखवत नाहीत, किंमत सांगत नाहीत.

शब्दही नेमके लागतात. 'मस्त', 'स्मूद', 'किक आहे' यातून ब्रुअरला काहीच दुरुस्त करता येत नाही. मॉर्टन माइलगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बिअरच्या चवींचं एक चक्र मांडलं. त्यामुळे वेगवेगळ्या देशांतले लोक एकाच वासाला एकच नाव देऊ लागले. 'लोणी आहे, मध्यम, गिळल्यावर वाढतं' हे वाक्य आवडीनिवडीपलीकडचं आहे. त्याची दुसऱ्या नाकाकडून पडताळणी होते आणि प्रयोगशाळेतही.

दोन बिअरमध्ये खरंच फरक आहे का, हे ठरवायला त्रिकोणी चाचणी असते. तीन ग्लास, दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तिघांत एकाचं उत्तर बरोबर येणार. म्हणून २४ जणांनी चाखलं तर किमान १३ जणांनी बरोबर ओळखावं लागतं, तेव्हाच फरक योगायोगाने आला नाही असं मानतात. आपली बिअर इतरांपेक्षा वेगळी लागते अशी खात्री असलेल्या प्रत्येकाने मित्रांसोबत हे एकदा करून पाहावं.

'थंडगार प्यायची असते, एवढा विचार कशाला?'

मुंबईच्या दमट दुपारी बर्फात बुडवलेल्या बाटलीचं सुख मी नाकारत नाही. पण बर्फाइतकी थंड बिअर वास बाहेर सोडत नाही आणि जीभही बधिर करते. त्यात गुण झाकले जातात, दोषही झाकले जातात. चेक पबमध्ये साधारण ७ अंशांची बिअर देतात. आपल्या हवेत ग्लास लवकर तापतो, म्हणून ५-६ अंशांवर घेतली तरी चालेल. चाखायची युक्ती अशी की पहिला घोट थंड असताना घ्यायचा आणि थोडी बिअर दहा-पंधरा मिनिटं बाजूला ठेवायची. कोबी, लोणी, पुठ्ठा यांपैकी जे असेल ते ऊब मिळाली की बाहेर येतं. चांगली लागर त्या वेळीही पिण्यासारखी राहते.

'मग मोठ्या कंपन्यांची बिअर वाईट?'

मुळीच नाही. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींतल्या मोठ्या ब्रुअरी असोत की युरोपातल्या, महिन्यामागून महिने हुबेहूब तीच चव देणं हे जबरदस्त तांत्रिक काम आहे. कित्येक छोट्या ब्रुअरींना ते जमत नाही. तांदूळ किंवा मका घातला म्हणून बिअर भेसळयुक्त ठरत नाही. त्यामुळे अंग हलकं होतं आणि शेवट कोरडा होतो, आणि काही शैलींत तेच हवं असतं. फरक उद्दिष्टात आहे. बाजारातली बहुतेक लागर कोणालाही न खटकण्यासाठी घडवलेली असते, म्हणून माल्ट आणि हॉप्स दोन्ही बेताचे. आपल्याकडे तर स्ट्राँग बिअरचा खप मोठा, आणि तिच्यातलं जास्तीचं अल्कोहोल व गोडसरपणा बारीक चवी झाकून टाकतात. स्ट्राँगची सवय असलेल्याला पिल्सनर आधी पाणचट वाटते ती यामुळे.

उलट बाजूही सांगायला हवी. 'क्राफ्ट' या पाटीने दोष माफ होत नाहीत. लोण्याचा वास येणारी लागर छोट्या ब्रुअरीने, मनापासून, स्थानिक माणसांनी बनवलेली असली तरी ती सदोषच असते. 'आमच्याकडे अशीच असते' हे उत्तर मी तरी ऐकून घेत नाही.

महाग का?

मुख्य कारण टाकी. गव्हाची बिअर दोन-तीन आठवड्यांत तयार होऊन टाकी मोकळी करते. लागरला सहा ते आठ आठवडे सहज लागतात आणि त्यातला मोठा काळ ती शून्याजवळ गार ठेवावी लागते. मोजक्याच टाक्या असलेल्या जागी लागर म्हणजे दोन-तीन घाण्यांचं उत्पन्न सोडणं, वर विजेचं बिल. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यापासून महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरी रुजल्या, तरी फळ्यांवर गव्हाच्या बिअरचं राज्य राहिलं, त्यामागे हा हिशोब आहे. म्हणून कोणी लागर बनवत असेल तर पहिला प्रश्न विचारावा: टाकीत किती दिवस होती? अभिमानाने उत्तर देणारा ब्रुअर बहुधा नीट काम करणारा असतो.

टेबलावर सुरुवात करताना

महागडी साधनं लागत नाहीत. एकाच शैलीच्या दोन-तीन लागर घ्या, प्रत्येकी अर्धा कप पुरेशी. मित्राला त्या नजरेआड एकसारख्या ग्लासांत ओतायला सांगा. कमी कडवट आधी, जास्त कडवट नंतर, कारण कडवटपणा साचत जातो. मध्ये साधं पाणी आणि पावाचा तुकडा. मसाला शेंगदाणे, शेजवान चटणी, सिगारेट, अत्तर हे सगळं चाखून होईपर्यंत लांब. टिपण लगेच लिहा, दुसऱ्याचं ऐकण्याआधी. वासांची ओळख तर बिअरशिवायही पक्की करता येते: उकडलेल्या कोबीचं पाणी, ओला पुठ्ठा, बटर पॉपकॉर्न, चिरलेला भोपळा मुद्दाम हुंगून ठेवा. गाडी चालवायची असेल तर चाखणं दुसऱ्या दिवशी.

बारमध्ये ग्लास बिघडलेला वाटला तर तो मुकाट्याने संपवू नका. 'बिअर चांगली नाही' एवढंच म्हटलं तर वाद होतो. 'आंबूस वास येतोय, नळी कधी धुतली?' किंवा 'फेस टिकत नाही, दुसऱ्या स्वच्छ ग्लासात द्याल का?' असं नेमकं सांगा. मायक्रोब्रुअरीत असाल तर ब्रुअर जागेवर आहे का ते विचारा आणि ग्लास त्याच्या हातात द्या. लोणी म्हणालात तर त्याला टाकीचे दिवस आठवतील, कोबी म्हणालात तर उकळी, दवाखाना म्हणालात तर फिल्टर.